पंचेचाळीस ग्रॅम सुंदरा

माझी पिशवी तीनशे दहा ग्रॅमची आहे. डाव्या बाजूची, कापडाचे वजन सोडून. त्यातले दोनशे पासष्ट ग्रॅम माझे आणि पंचेचाळीस सुंदराचे. हे कसे झाले ते सांगायला बसले आहे. तपासणीचा कागद आजच हातात पडलेली कुणी बाई हे वाचत असेल, तर तिने अधूनमधून खाली ठेवून वाचले तरी चालेल. मीही तसेच लिहिले आहे.

मी हिमायतनगरला राहते. जवळच्या एका गावात एकवीस वर्षे अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजने घ्यायची, रजिस्टरात लिहायची, कुणाचे दोनशे ग्रॅम घटले तर त्याच्या आईला बोलावून घ्यायचे, हे माझे काम. आकडा लिहिल्याशिवाय मला एखादी गोष्ट झाल्यासारखी वाटत नाही. माझ्या स्वतःच्या गाठीचा आकडा मात्र मी चार महिने कुणाला सांगितला नाही. ती चूक होती, एवढेच त्याबद्दल म्हणते.

कागद

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागद वाचला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. ते मिस्टरांकडे बघून बोलत होते. मी मधेच म्हणाले, "सर, गाठ मला आहे, मला सांगा." मग त्यांनी खुर्ची वळवली आणि नीट सांगितले. आधी ऑपरेशन, मग आठ किमो, मग पंचवीस दिवस मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन.

मिस्टरांनी एकच प्रश्न विचारला, "जेवायला काय द्यायचं हिला?" मला राग आला. परतीच्या गाडीत शेजारची जागा मोकळी होती, तरी दवाखान्याची फाइल त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. नांदेड ते हिमायतनगर दोन्ही हातांनी धरून बसले. तेव्हा मला कळले की तो प्रश्न भीतीचा होता.

घरी सासूबाईंनी माझे ताट-वाटी वेगळी केली. कोणता आजार लागतो आणि कोणता लागत नाही हे अख्ख्या गावाला शिकवणारी बाई मी, पण स्वतःच्या घरात माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पंधरा-सोळा दिवसांनी माझ्या ताटात अर्धी भाकरी उरली होती. सासूबाई आल्या, बसल्या आणि तीच भाकरी चटणीला लावून खाल्ली. त्या दिवसापासून ताटे पुन्हा एकत्र घासली जाऊ लागली.

खिडकीची जागा

दर एकवीस दिवसांनी किमो. गाडी किनवटकडून येते. दुसऱ्या खेपेला मी डब्यात चढले तर एक काळीसावळी, हडकुळी बाई खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवून माणसांशी भांडत होती.

"माझी बहीन चढनार हाय हिमायतनगरला. बिमार हाय ती."

मला बघितल्यावर पिशवी उचलली. "बस."

मी म्हणाले, "अहो, मी तुमची बहीण नाही."

"मागल्या डावाला हितंच उतरताना बघितलं तुला. डोक्याला रुमाल बांधलाय, हातात फाइल हाय. मग कोन हायस?"

ही सुंदरा. किनवट तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावची, वय त्रेचाळीस, घरची कोरडवाहू शेती. ती माझ्या चार किमो पुढे होती. पुढच्या सगळ्या खेपांना तिने माझी जागा धरली. तिचे किमो संपले तरी दवाखान्याचे काही ना काही काढून ती माझ्याच तारखेला यायची. तोंडाची चव गेली की काय खावे, नखे काळी पडली तर घाबरू नये, उलटी येणार असेल तर कोणत्या बाजूच्या खिडकीला बसावे, हे सगळे मला तिने सांगितले.

गुरुवार

तिनेच मला शाहीनआपांकडे नेले. आपांचे घर दवाखान्यामागच्या गल्लीत. त्या शिवणकाम करतात. सहा वर्षांपूर्वी त्यांचे ऑपरेशन झाले, तेव्हापासून दर गुरुवारी त्यांच्या पुढच्या खोलीत आमच्यासारख्या बायका जमतात आणि पिशव्या शिवतात. एक बाजू काढल्यावर ब्लाउजच्या आत ठेवायची ती पिशवी.

जिच्यावर वेळ आली नाही तिला वाटेल, त्यात काय, कापूस भरला की झाले. कापूस हलका असतो. ब्लाउज त्या बाजूने वर चढतो, एक खांदा खाली जातो, पाठ दुखते. वजन हवे. आपांनी आधी ज्वारी भरून पाहिली, तिला कीड लागली. मग साबुदाणा. "घामानं खिचडीच झाली ना बाई," आपा सांगायच्या. शेवटी मोहरी ठरली. गोल दाणा, सरकतो, अंगाचा आकार घेतो. जुन्या मऊ साडीचे दुहेरी कापड, वरच्या बाजूला दोन बारकी बटणे, म्हणजे धुण्याआधी मोहरी काढून घेता येते.

मी गेले तेव्हा त्या मोहरी मुठीने भरत होत्या. मला ते बघवेना. पुढच्या गुरुवारी घरचा छोटा काटा घेऊन गेले. बाईला आरशासमोर उभे करायचे, चमचा-चमचा मोहरी घालायची, दोन्ही खांदे एका रेषेत आले की थांबायचे, मोहरी काट्यावर ओतायची आणि वहीत नाव आणि वजन लिहायचे. पुन्हा कधी पिशवी फाटली तर आरशाची गरज नाही. सुंदराचे वजन दोनशे चाळीस. माझे तीनशे दहा.

"बाईनं आपल्याला किराणा दुकानात बसवलं," रेणापूरच्या मथुराकाकू म्हणाल्या. त्या आमच्यात वयाने थोरल्या, लेकीकडे नांदेडला राहून उपचार घेत होत्या. मुदखेडच्या दोघी जावाही होत्या, दोघींना हाच आजार, सहा महिन्यांच्या अंतराने. धाकटी म्हणायची, "थोरलीनं जे जे केलं ते ते मला करावंच लागतं." सुंदरा धरून आम्ही सहा जणी नेमाने बसायचो. बाकीच्या येत-जात राहायच्या.

मी घरी कधी रडले नाही, तिथे रडले. आणि इतकी कधी हसलेही नाही.

कोंब

श्रावणातली गोष्ट. सुंदराला ताप होता, म्हणून तिच्या नवऱ्याने, गंगारामभाऊंनी तिचे कपडे धुतले. त्यांना पिशवी दिसली. त्यांनी ती मोहरीसकट धुतली, पिळली आणि ओसरीतल्या दोरीवर टांगली. बाहेर तीन दिवस झड. चौथ्या दिवशी सुंदराने हात लावला तर कापडातून पांढरे कोंब बाहेर आले होते.

ती पिशवी तिने तशीच आमच्याकडे आणली. मधोमध ठेवली. आम्ही पाच जणी बघत बसलो. हिरवी बारीक पाने, शिवणीच्या टाक्या-टाक्यातून वर आलेली.

"काय गं हे?" मथुराकाकूंनी विचारले.

"डाक्टर म्हनला पुन्हा उगवनार न्हाई. मह्या मालकानं चार दिवसांत उगवून दाखवलं."

शाहीनआपा हसता हसता मशीनवर कपाळ टेकून बसल्या. थोरल्या जावेच्या टाक्यांवर ताण आला म्हणून तिने उशी पोटाशी धरली. मला हसू आले आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. आमच्या अंगाचा जो भाग कापून नेला होता, त्याच्या जागी ठेवलेली वस्तू पाणी मिळताच जिवंत झाली होती.

सुंदराने ते कोंब फेकले नाहीत. परसात लावले, पंधरा दिवसांनी भाजी केली. "सासूला पन वाढली," ती म्हणाली. "म्हनली, लई चवदार हाय."

गंगारामभाऊ तेव्हापासून आमच्यात त्याच गोष्टीमुळे ओळखले जात. त्यांना आम्ही कुणी पाहिलेही नव्हते.

फोन

माझा शेक सुरू झाला. सोमवार ते शुक्रवार रोज. मी नांदेडला नणंदेकडे राहत होते. छातीवर शाईच्या खुणा करतात, त्या पुसायच्या नसतात. टेबलावर झोपवतात, सगळे बाहेर जातात, जाड दार बंद होते. दुखत काहीच नाही. पण त्या दोन-चार मिनिटांत मला जे वाटायचे ते किमोतही वाटले नव्हते. जगातली सगळी माणसे दारापलीकडे आणि अलीकडे मी एकटी.

सुंदराचा शेक तोवर होऊन गेला होता. ती फोनवर म्हणाली, "येकटी न्हाईस तू तिथं. म्या पंचवीस डाव त्याच टेबलावर निजून आले. जागा गरम करून ठेवली तुझ्यासाठी."

मग तिचे फोन कमी झाले. पाठ दुखून राहिली, म्हणायची. गुरुवारी येणे थांबले. माझे सोळा शेक झाले त्या रविवारी संध्याकाळी गंगारामभाऊंचा फोन आला. सुंदराला जाऊन आठ दिवस झाले होते. आजार यकृतात उतरला होता. "कुनाला सांगू नका म्हनली व्हती," ते म्हणाले. "बाईचा शेक चालू हाय, म्हनली."

मी आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई. सुंदराचे ऑपरेशन झाले होते, आठपैकी आठ किमो झाले होते, पंचवीसपैकी पंचवीस शेक झाले होते. तिने एकही तारीख चुकवली नव्हती. सगळे आकडे पूर्ण, आणि उत्तर हे. मग माझ्या उरलेल्या नऊ शेकांना काय अर्थ?

सोमवारी मी दवाखान्याला जाते म्हणून नणंदेकडून निघाले आणि गोदावरीच्या घाटावर जाऊन बसले. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. दवाखान्याचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. बुधवारी ठरवून टाकले, गुरुवारी आपांकडे सुंदरासाठी सगळ्या जमतील, तेवढे करायचे आणि दुपारच्या गाडीने घरी जायचे. कपड्यांची पिशवी भरूनच मी तिथे गेले. हे मी कुणालाच सांगितले नव्हते.

पंधरा ग्रॅम कमी

खोलीत पाच जणी बसलो होतो. काय करावे कळेना. आमच्याकडे असते तर मेणबत्ती लावून त्रिशरण घेतले असते. आपा मनात दुवा करत होत्या. मथुराकाकू म्हणाल्या, दिवा लावा आणि थोडा भात ठेवा. धाकटी जाऊ म्हणाली, "सुंदराला इचारलं असतं तर म्हनली असती, आधी शिवनं उरका." कुणी हसले नाही. मशीन बंद होती.

दाराशी एक मुलगी बसली होती. वर्षा. तिशीतली, महिन्याभरापूर्वी ऑपरेशन झालेली. दवाखान्यात कुणीतरी पत्ता दिला म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा आली होती आणि आमचे तोंड बघून परत जावे की बसावे अशा बेतात होती. ओढणी तिने छातीशी मुठीत धरली होती.

अकराच्या सुमारास गंगारामभाऊ आले. उंच, वाकलेला माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. चप्पल बाहेर काढून उंबऱ्याशीच बसले. पिशवीतून सुंदराची सुया-दोऱ्याची डबी काढली, कात्री काढली, आणि मग दोन वस्तू वेगवेगळ्या काढल्या. एक धुऊन, घडी घातलेली रिकामी पिशवी. दुसरी कापडात बांधलेली मोहरी.

"आधी काहाडून घेतली," ते म्हणाले. "मग धुतली. या डावाला चुकलो न्हाई."

आपांनी पदर तोंडाला लावला. मथुराकाकू मोठ्याने रडल्या. मग सगळ्याच.

भाऊ खाली बघत सांगत होते, "कोंब आले तवापून तिची पिशवी मीच धूत व्हतो. दर ऐतवारी. उन्हात वाळवायची, मोहरी भरायची, गुंड्या लावायच्या. तिचा हात वर व्हत नव्हता ना." किनवटच्या रानातला हा माणूस. बायकोच्या काढलेल्या छातीच्या जागची पिशवी महिनोन्महिने अंगणात उघड्यावर वाळवत होता, आणि आम्ही त्याच्या एका चुकीवर इतके महिने हसत होतो.

आणि मग मी जे केले त्याची मला अजून लाज वाटते. हाताला सवय. मी कापड उचलले, मोहरी काट्यावर ओतली, वही उघडली आणि म्हणाले, "दोनशे पंचवीस. पंधरा ग्रॅम कमी आहेत."

भाऊंचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"थोडी ठिवली घरी, बाई," ते म्हणाले. "येक चिमूट. तुमची व्हय ती, मला ठावं हाय. पर ठिवली."

मला जमीन फाटून आत घेईल तर बरे, असे झाले. मथुराकाकू माझ्यावर ओरडल्या, "अगं ए काटेवाली! मेलेल्या माणसाचं बी माप काढतीस?"

मी भाऊंच्या पाया पडले. ते मागे सरकले. "न्हाई न्हाई. तिला लई कौतुक व्हतं तुमच्या काट्याचं. म्हनायची, आमच्या बाईच्या वहीत म्या दोनशे चाळीस हाय."

तेव्हा शाहीनआपा उठल्या. काट्यासमोर येऊन बसल्या. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाई, वजन बराबर हाय. आता आम्हा पाच जणींत वाट."

"काय?"

"मोहरी. सुंदराची. दिवा कुणाचा, दुवा कुणाची, ते आपापल्या घरी करा. इथं हे करू. एकेकीच्या पिशवीत घाल."

मी वाटले. दोनशे पंचवीस भागिले पाच. पंचेचाळीस. बरोबर, बाकी शून्य. इतका सरळ भागाकार आला की माझा हात थांबला. पंधरा ग्रॅम भाऊंनी ठेवले नसते तर दोनशे चाळीसचेही पाच भाग झालेच असते, हे मला कळत होते. तरी थांबला.

पण पिशव्या आधीच मापाच्या भरलेल्या. पंचेचाळीस ग्रॅम वाढले असते तर खांदे वाकडे झाले असते. म्हणून प्रत्येकीने आपापली पिशवी उघडली. आपांनी भाऊंना आतल्या खोलीत चहाला नेले, तेवढ्यात ज्यांनी घातल्या होत्या त्यांनी काढल्या. मी प्रत्येकीतून पंचेचाळीस ग्रॅम एका परातीत काढले आणि सुंदराचे पंचेचाळीस आत घातले. आपा. मथुराकाकू. थोरली. धाकटी. मोहरी कापडात सरकते त्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. आठ-दहा दाणे चटईवर सांडले, ते मी एकेक वेचले आणि या वेळी काकू काही म्हणाल्या नाहीत.

शेवटी माझी. शेकामुळे छातीची कातडी काळी पडली होती, तिला काही लावायची परवानगी नव्हती, म्हणून माझी पिशवी महिनाभर कपड्यांच्या पिशवीतच होती. ती काढताना आतले कपडे, टॉवेल, कंगवा सगळे बाहेर आले. मथुराकाकूंनी बघितले.

"कुठं निघालीस?"

मी कंगवा पुन्हा आत कोंबला.

"शेक किती झाले?"

खोटा आकडा मला सांगता येत नाही. "सोळा," मी म्हणाले. "तीन दिवस गेले नाही."

मला वाटले आता काकू ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी माझी पिशवी माझ्या हातातून घेतली, सुंदराची मोहरी स्वतः आत ओतली, दोन्ही बटणे लावली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"घे. आता ही घालायची कधी?"

"शेक संपून कातडी भरल्यावर."

"मग?" काकू म्हणाल्या. "का तिला कपड्यात गुंडाळूनच ठेवनार हायस?"

परात

परातीत आमच्या पाच जणींची काढलेली मोहरी होती. पाच गुणिले पंचेचाळीस. मी काट्यावर ठेवायच्या आधीच मला माहीत होते, तरी ठेवली. दोनशे पंचवीस. तिच्यासाठी आम्ही जेवढी जागा केली, तेवढीच एक पिशवी आमच्यातून बाहेर आली होती. गणिताने दुसरे काही होऊच शकत नव्हते. पण एकवीस वर्षांत काट्यावरचा कोणताही आकडा मी असा पुन्हा पुन्हा वाचला नव्हता.

आपांनी दाराकडे पाहिले. "बेटी, आत ये."

वर्षा उठली. सुंदराची धुतलेली रिकामी पिशवी आपांनी कडेने थोडी उसवून मोठी केली. आरशासमोर उभी करून मी चमचा-चमचा घालत गेले. दोनशे पंचवीस संपले तरी तिचा खांदा जरा खाली होता. पस्तीस ग्रॅम कमी पडत होते. धाकटी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोहरीचा पुडा घेऊन आली.

"नव्या बाईत थोडी नवी मोहरी पाहिजेच," मथुराकाकू म्हणाल्या.

दोनशे साठ. दोन्ही खांदे एका रेषेत आले. वर्षाने आरशात बघितले आणि मुठीतली ओढणी सोडली. दोन्ही हात खाली सोडून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मी वहीत तिचे नाव लिहिले.

भाऊंना आत हे सगळे ऐकू येत असावे. निघताना त्यांनी वर्षाला एवढेच सांगितले, "धुवायच्या आधी काहाडून घेत जा, माय."

सतरावा

दुपारी गाडी सुटली तेव्हा मी दवाखान्यात होते. डॉक्टर रागावले, मधे असा खंड पडणे बरे नाही हे त्यांनी पुन्हा समजावले, चुकलेले दिवस शेवटी जोडून दिले. मशीनवरच्या ताईंनी विचारले, "तीन दिवस कुठं होता?"

"आमच्या एका बाईची वाटणी होती," मी म्हणाले.

मी टेबलावर झोपले. सगळे बाहेर गेले. दार बंद झाले. सुंदरा पंचवीस वेळा इथे झोपली होती आणि तरी गेली. माझ्या पंचवीस शेकांचे उत्तर काय येईल ते मला माहीत नव्हते, आजही माहीत नाही. दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते तेव्हा कागद हातात येईपर्यंत भिंतीवरचे घड्याळ बघत बसते. पण त्या दुपारी पाठीखालचे टेबल थंड होते आणि मला ते थंड वाटले नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

पंचवीस पूर्ण झाले. कातडी भरायला पाच आठवडे लागले. मग पिशवी घातली.

आता दर रविवारी मी ती उघडते. मोहरी ताटात ओतते, कापड धुते, दोन्ही उन्हात ठेवते. ताटासमोर बसून मी बऱ्याचदा बघते, यातली सुंदराची कोणती. काळे, तांबूस, एकसारखे दाणे. मिस्टर विचारतात, काय निवडतेस? निवडता येत नाही. पंचेचाळीस ग्रॅम आहेत हे नक्की, पण कुठे आहेत ते सांगता येत नाही. ऊन उतरले की सगळी गोळा करते, ताटाला चिकटलेला शेवटचा दाणासुद्धा, आणि काट्यावर ठेवते.

तीनशे दहा.